थांबव जरा

परवा रक्त तपासायला गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीनं नळीवर मार्करनं माझं नाव लिहिलं आणि स्पिरिटचा तो उग्र वास नाकात गेला. रांगेतल्या रांगेत मला सांगलीच्या घरातल्या मधल्या खोलीतला कॉम्प्युटर दिसला, ओळीनं वाळत ठेवलेल्या डीव्हीडी दिसल्या. प्रत्येकीवर याच वासाच्या शाईनं लिहिलेलं असायचं: ‘अक्कांची पंचाहत्तरी’.

२००७ च्या आसपास नात्यात कुणाचीही साठी, मुंज, सहस्रचंद्रदर्शन असलं की फोटोंची सीडी करायचं काम माझ्याकडं यायचं. डिस्क डीव्हीडी असली तरी सगळे तिला सीडीच म्हणत. फोटो स्कॅन करायचे, क्रम लावायचा, खाली गाणं टाकायचं आणि भारनियमनाचं वेळापत्रक बघून रात्री एक्स्पोर्टला लावायचं. डिस्क बर्न होत असताना वीज गेली की यूपीएस केकाटायचा, आणि त्याची बॅटरी आधी संपते की बर्न, एवढंच बघत बसायचं. बॅटरी आधी संपली तर डिस्क कचऱ्यात.

त्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्याच्या लांबीत फोटो आपोआप बसवायची एक सोय होती. तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. गाणं पाच मिनिटांचं आणि फोटो शंभर, म्हणजे माणशी तीन सेकंद. आजोबांनाही तीन आणि मांडवातल्या केळीच्या खुंटालाही तीन. कुणाकडं किती वेळ बघायचं हे गाणं ठरवणार! मी ती सोय कधी वापरली नाही. प्रत्येक फोटोचे सेकंद हातानं घातले. दुसरा राग बदाम उमलण्यावर आणि पान उलटण्यावर. एका फोटोवरून दुसऱ्यावर जाताना हे खेळ लोकांना फार हवे असायचे. पण डीव्हीडीवरच्या एमपेग-२ मध्ये चित्र साठवायची रीत अशी, की साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक चित्र पूर्ण ठेवायचं आणि मधल्या चित्रांत बदललं तेवढंच लिहायचं. पाच सेकंद थांबलेला चेहरा म्हणजे सव्वाशे फ्रेम, पण त्यात लिहिण्यासारखं फारसं नसतं, म्हणून तो स्वच्छ राहतो. पान उलटायला लागलं की सगळंच बदलतं, जागा पुरत नाही आणि नाकाडोळ्यांचे चौकोन पडतात.

तसंही आपल्याकडच्या तेव्हाच्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, एवढंच असायचं. पाच मेगापिक्सेलचा फोटो असला तर त्याचे बाराएक ठिपके मिळून इथं एक ठिपका. वर जुन्या टीव्हीची काच चारी बाजूंनी थोडं थोडं खायची. कडेला उभी असलेली जावई मंडळी निम्मी कापली जायची.

अक्का म्हणजे माझी थोरली आत्या. तिच्या पंचाहत्तरीला पन्नास-साठ माणसं टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसली होती. सीडीत तिच्या धाकट्या भावाचा फोटो होता. फोटो म्हणजे शाळेचा वर्गाचा फोटो, १९४६ सालचा. त्यातून त्याचा चेहरा हळूहळू जवळ येईल असा झूम मी दिला होता. फोटोनंतर पुढच्याच वर्षी तो भाऊ विषमज्वरानं गेला. त्याचा दुसरा फोटो नाही. चेहरा पडदाभर होत आला तशी अक्का म्हणाली, “थांबव जरा.”

मी रिमोटवर पॉज दाबलं. पालचं चित्र दोन हप्त्यांत येतं, आधी एकाआड एक ओळी आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानं उरलेल्या. झूम चालू असताना थांबवलं तर हे दोन हप्ते एकमेकांशी जुळत नाहीत, आणि आमचा स्वस्तातला प्लेअर ते आलटून पालटून दाखवत राहिला. कानाच्या पाळ्या, टोपीची कड, ओठ, सगळं बारीक थरथरायला लागलं. मला हे कारण ठाऊक होतं. अक्का पुढं सरकली आणि म्हणाली, “हलतोय बघ तो.”

इतक्या वर्षांत इतक्या डिस्क केल्या, पण मन फिरून फिरून त्या थरथरीपाशीच येतं.

स्थिर फोटोवरून त्या झूमसारखा कॅमेरा फिरवण्याला ॲपलनं २००३ मध्ये आयमूव्ही या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये माहितीपटकार केन बर्न्सचं नाव दिलं. बर्न्स स्वतः श्रेय देतो ‘सिटी ऑफ गोल्ड’ या १९५७ च्या कॅनडातल्या माहितीपटाला. मला मात्र कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आठवतात. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात लुमिएर बंधूंची चित्रं हलली, त्याच्या आधीपासून पटवर्धन पितापुत्र ‘शांबरिक खरोलिका’ दाखवत होते. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, मागं दिवा, पुढं पडदा, सोबत निवेदन आणि संगीत. काचा भराभर बदलून ते पात्रं हलल्याचा भासही घडवत. आणि काच माणसाच्या हातात होती. एखाद्या चित्रावर बायका डोळे पुसत असतील तर ती काच आणखी थोडा वेळ ठेवता येत होती. माझ्या फाइलीत ते पॉजशिवाय जमत नव्हतं. एकदा एक्स्पोर्ट झाली की सेकंद ठरले.

समारंभानंतर अक्कानं मागितलं, “मला नुसती त्याचीच एक सीडी करून दे. गाणं नको.” एका फोटोची डीव्हीडी केली. दहा मिनिटं अगदी सावकाश झूम, बाकी काही नाही. ४.७ जीबीच्या डिस्कचा एक कोपराही भरला नाही. अक्का ती दुपारी लावायची आणि मध्येच पॉज करायची.

ती अशी लावून बसलेली असताना तिच्या भावाचे एक वर्गमित्र भेटायला आले. झूम सुरू होताना त्याच्या शेजारी डोक्यावर टोपी नसलेला एक मुलगा दिसतो, ते हेच. बघता बघता ते म्हणाले, “ती टोपी माझी आहे.”

अक्काला ही टोपी पक्की आठवत होती. फोटो घरी आला तेव्हा आजीनं विचारलं होतं, ही कुणाची उचललीस? त्यानं सांगितलं नाही. मार खाल्ला, तरी नाही सांगितलं. मित्रानं आता सांगितलं: बोडक्या डोक्यानं बसणाऱ्याला छड्या, असं मास्तरांनी बजावलं होतं, याच्याकडं टोपी नव्हती, म्हणून आपली दिली आणि छड्या आपण खाल्ल्या. घरी कळलं तर दोघांनाही पुन्हा मार, म्हणून कुणीच बोलायचं नाही असं ठरलं होतं.

जाताना त्यांनी बिचकत विचारलं, “मलाही एक करून द्याल का? माझाही लहानपणचा एवढाच फोटो.” मी हो म्हणालो. अक्का मला म्हणाली, “त्यांच्या सीडीत आधी त्यांना दाखव. चांगलं पाच मिनिटं. मग याच्याकडं ये.”