दीड वर्षाचा खंड

महसूल खात्यात उमेदवारीपासून अव्वल कारकुनीपर्यंत ज्याने आयुष्य काढले, त्याला कागद जमविण्याचे भय वाटू नये अशी सर्वसाधारण समजूत असते. आणि त्याच समजुतीने माझ्या साताऱ्याच्या बहिणीने आपल्या कन्येचे सारे दाखले माझ्या स्वाधीन केले. भाचीला परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीस जावयाचे होते. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, तेव्हापासून हा विषय आमच्या नात्यागोत्यांत वारंवार निघत असे. 2020 पासून जर्मनीत सर्वसाधारण रुग्णांची, बालकांची आणि वृद्धांची शुश्रूषा हे तिन्ही अभ्यासक्रम एकत्र करून तीन वर्षांचे एकच शिक्षण केले आहे. त्यात किमान 2,100 तास वर्गात आणि 2,500 तास प्रत्यक्ष रुग्णसेवेत घालवावे लागतात. शुल्क नाही, उलट दरमहा विद्यावेतन मिळते. भाषेची बी-2 परीक्षा तिने स्वतःच्या हिमतीवर उत्तीर्ण केली होती. उरले होते ते दप्तर.

पहिला घोळ नावाचा. आमच्या परीक्षा मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचे नाव, मग वडिलांचे, आणि आईचे नाव निराळ्या ओळीत. पारपत्रावर आडनावाचा रकाना स्वतंत्र आणि वडिलांचे नाव मुलीच्या नावाला चिकटलेले. त्यात जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावात एक ‘ए’ अधिक. आपल्याकडे तहसिलीतील शिपाईसुद्धा ही सारी एकच व्यक्ती आहे हे ओळखील, परंतु परक्या देशाच्या अधिकाऱ्याने ते का ओळखावे? सबब नोटरीपुढे प्रतिज्ञापत्र केले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील जात, पोटजात, आणि ‘वर्तणूक : चांगली’ हा शेरासुद्धा अनुवादकाने इमानाने जर्मन भाषेत उतरविला. कागद परदेशात ग्राह्य ठरविणाऱ्या अपोस्टिलच्या शिक्क्यासाठी मात्र मी पैसे मोजले नाहीत. हा शिक्का ज्या 1961 च्या हेग करारान्वये देतात, त्यात भारत 2005 मध्ये सामील झाला खरा, पण जर्मनीने त्या प्रवेशास आक्षेप नोंदविला आणि उभय देशांमध्ये तो करार लागू झाला नाही. ही गोष्ट शिक्का मिळवून देणारे मध्यस्थ सहसा सांगत नाहीत, आणि त्यांनी ती सांगावी अशी अपेक्षा करणे हाही भाबडेपणाच.

खरी अडचण उद्भवली ती जीवनवृत्तान्तापाशी. तो महिनावार लिहावयाचा, आणि त्यात कोठेही खंड नसावा असा तिकडचा शिरस्ता. भाचीची बारावी झाल्यावर पुढील दीड वर्ष कोरे होते. ना महाविद्यालय, ना नोकरी, ना कसली नोंद. त्या काळात तिच्या आजीला पक्षाघात झाला होता आणि ही मुलगी दर दोन तासांनी तिची कूस बदलीत होती, पाठीला शय्याव्रण होऊ नये म्हणून रात्री गजर लावून उठत होती. या गोष्टीला कोणत्याही दप्तरी दाखला नाही. माझ्यातील कारकून लगेच जागा झाला. सरपंचांकडून एक दाखला आणि दोन शेजाऱ्यांचे जबाब घ्यावेत अशी तजवीज मी सुचविली.

“मामा, तुम्ही ती सही आणाल,” भाची म्हणाली, “पण सरपंच कधी आजीच्या खोलीत आले होते का?”

तिने त्या रकान्यात सरळ लिहिले : पक्षाघात झालेल्या आजीची घरी शुश्रूषा. हेतुपत्रासाठी मी ‘रुग्णसेवेची लहानपणापासूनची तळमळ’ असा एक भारदस्त परिच्छेद रचून ठेवला होता. तोही तिने अत्यंत नम्रतेने बाजूस सारला आणि त्या जागी, पक्षाघाताच्या रुग्णाला पाणी पाजताना मान मागे टाकू न देता किंचित पुढे झुकवावी लागते, हे आपण डॉक्टरांकडून कसे शिकलो, एवढेच चार ओळींत मांडले. मला ते पत्र फार उघडेबोडके वाटले. आमच्या खात्यात अर्जाची भाषा जितकी लीन, तितका तो मार्गी लागण्याचा संभव अधिक; ही मुलगी काही मागतच नव्हती, आपल्याला काय येते तेवढे सांगत होती.

तिने अर्ज केलेल्या जर्मन इस्पितळाच्या प्रशिक्षण विभागातील बाईंनी संगणकावरून मुलाखत घेतली, तेव्हा मी शेजारच्या खोलीत बसून होतो. जर्मन मला कळत नाही. पण मध्येच भाची उठली आणि खाटेवरील लोड आडवा धरून, खांद्याखाली एक हात आणि कमरेखाली दुसरा घालून त्याला कुशीवर वळवू लागली, हे दाराच्या फटीतून दिसले. नावातील ‘ए’विषयी त्यांनी काही विचारले नाही, असे तिने नंतर सांगितले.

करारपत्र आले, आणि त्यासोबत नवी मागणीही : 1970 नंतर जन्मलेल्या प्रत्येक आरोग्यसेवकाने गोवरापासून संरक्षण असल्याचा पुरावा द्यावा, असा तेथील कायदा आहे. लहानपणचे लसीकरणाचे कार्ड बहिणीला सापडेना. तेव्हा रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून तो अहवाल इस्पितळाकडे रवाना केला, आणि व्हिसाच्या अर्जाच्या दोन गड्ड्या घेऊन भाची मुंबईस गेली.