एकच्या थोडं वर

सिंगापुरातल्या वन-नॉर्थच्या ऑफिसांमधले आकडे हल्ली सगळे उत्तरेला राहायला गेलेत. बजेट 'नॉर्थ ऑफ टू मिलियन', पगार 'नॉर्थ ऑफ टेन के'. नकाशात उत्तर वर, म्हणून उत्तरेला म्हणजे जास्त, एवढंच गणित. पण तळ सांगायचा आणि छप्पर गुलदस्त्यात ठेवायचं, हा मला मोघमपणा कमी आणि धूर्तपणा जास्त वाटतो. त्यापेक्षा इथल्या लोकांचं 'प्लस-मायनस' प्रामाणिक. स्वयंपाकातलं अंदाजाचं मलय 'अगाक-अगाक' तर त्याहून गोड.

आपल्याकडे आकडा घर धरून असतो. खर्च दोन लाखांच्या घरात जातो. 'शंभराच्या आत' म्हटलं की छप्पर कळतं, 'शंभराच्या वर' म्हटलं की तळ, आणि 'शंभराच्या आतबाहेर' म्हटलं की आकडा दारातच घुटमळतोय हे कळतं. माणूस पन्नाशीला टेकतो, मग ती ओलांडतो, साठीच्या पलीकडे जातो. अलीकडे, पलीकडे, पुढे या चालणाऱ्याच्या दिशा. त्यांना होकायंत्र लागत नाही.

गंमत म्हणजे होकायंत्राच्या हिशेबात या भागाचं नावच कच्चं आहे. २००१ साली जेटीसी या सरकारी संस्थेनं वास्तुरचनाकार झहा हदीदच्या आराखड्यावर या २०० हेक्टरांचं काम काढलं आणि सिंगापूर विषुववृत्ताच्या एक अंश उत्तरेला, म्हणून नाव ठेवलं वन-नॉर्थ. प्रत्यक्षात हा भाग १.३ अंशांवर आहे. वरच्या ०.३ अंशांचे तीसेक किलोमीटर होतात. नेमका एक अंश गाठायचा तर समुद्र ओलांडून इंडोनेशियाच्या हद्दीत शिरावं लागेल. म्हणजे हे खरं 'नॉर्थ ऑफ वन'!

खऱ्याखुऱ्या उत्तरेची चौकशी इथे एकदाच होते, घर बघताना. आई फोनवर दार कुठल्या दिशेला ते विचारते, एजंट खिडक्यांचं सांगतो. 'नॉर्थ-साउथ फेसिंग' घराला भाव जास्त, आणि तो रास्त आहे. सूर्य जूनमध्ये जरा उत्तरेला, डिसेंबरमध्ये दक्षिणेला कलतो, पण भर दुपारी डोक्यावरच. खिडकीवरचा सज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं थेट पलंगापर्यंत येतं, आणि इथे सूर्य मावळायला सात वाजतात. म्हणून एजंटानं सकाळची वेळ दिली तरी घर चार-साडेचारला बघायला जा. पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून पाहा. चटका बसला आणि घर तरी आवडलं, तर भाडं पाडून मागा. एसीचं बिल त्यातूनच भरायचंय.