गॅलरीतला कांदा

आमच्या घरात कांदा येत नाही. तरी गेल्या वर्षी तो चार दिवस गॅलरीत पाण्याच्या ग्लासवर बसला होता. माझ्या मोठ्या जाऊबाईंची नात बारावीला. जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला कांद्याची कोवळी मुळं लागतात. वहिनी म्हणाल्या, "स्वयंपाकघरात नको, गॅलरीत राहू दे. शिकायचंय पोरीला."

त्याच आठवड्यात वहिनींच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट आला. लिम्फोमा.

मी बी.ए. झालेली, विज्ञान दहावीलाच सुटलं. मग नातीनेच शिकवलं. पेशी विभागण्याआधी आपल्या गुणसूत्रांची नक्कल करते. कांद्याची सोळा, माणसाची शेहेचाळीस. ती मधोमध ओळीत उभी राहतात, दोन्ही टोकांकडून बारीक धागे त्यांना ओढतात आणि एकीच्या दोघी होतात.

"पण विभागायचं कशाला? नुसतं मोठं व्हावं की!" मी विचारलं. तर म्हणे, पेशीचं अन्न तिच्या कातडीतून आत जातं. पेशी फुगली की पोट भराभर वाढतं, कातडी तेवढी पुरत नाही. मला पटलं. मेथीच्या मुटक्याचा एकच मोठा गोळा वाफवला तर मध्ये कच्चा राहतो, लहान लहान केले की नीट शिजतात. शिवाय जखम भरायला, झिजलेलं बदलायलाही नव्या पेशी लागतातच.

हे सगळं पेशी तपासून-तपासून करते. कुठे थांबायचं, कधी पुढे जायचं, याचे नियम शोधणाऱ्या हार्टवेल, हंट आणि नर्स या तिघांना २००१चं नोबेल मिळालं. 'थांब' म्हटलेलं ऐकू येईनासं झालं की गाठ होते.

भोपाळमध्ये गाठ म्हटलं की २ डिसेंबर १९८४ची रात्र आठवतेच. वहिनी तेव्हा नवी नवरी, चौकाजवळ राहायच्या. "गॅसमुळे का हो?" आम्ही विचारलं. डॉक्टर म्हणाले, एका माणसापुरतं असं बोट ठेवून सांगता येत नाही.

वहिनींचा प्रश्न वेगळाच होता. रात्री मला हळूच म्हणाल्या, "गाठीतल्या पेशी जिवंतच ना गं? मग हे औषध म्हणजे हिंसा नाही का?"

मी गडबडले. मग सुचेल तसं बोलले, "वहिनी, आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि जागा सोडतात. या गाठीतल्या जागाच सोडत नाहीत, नुसत्या साठत जातात. परिग्रहच की तो!" त्या दिवसांत वहिनी पहिल्यांदा हसल्या. दुसऱ्या दिवशी सही केली.

औषधांपैकी एक व्हिन्क्रिस्टीन. ते सदाफुलीपासून मिळतं, आणि पेशीतले ते ओढणारे धागेच तयार होऊ देत नाही. आमच्या दारात सदाफुली आहे. वहिनींनी तिचं एक फूल कधी तोडलं नाही. (बायांनो, घरी पानं चावू नका हं, झाड विषारी आहे.)

केसांच्या मुळातल्या पेशीही भराभर विभागतात, म्हणून औषधांचा मार त्यांनाही बसतो. वहिनी म्हणाल्या, "बसल्या जागी केशलोच झाला बघ माझा!"

सहा डोस झाले. पुढची तपासणी महिन्याने आहे, धाकधूक आहेच. पण परवा डोक्याला तेल लावताना माझ्या बोटांना मऊ लव लागली. मी काही बोलले नाही, नुसता हात फिरवत राहिले. वहिनीच म्हणाल्या, "लागतंय ना हाताला?"