हलक्या तंबूचा जड भाव

माझा भाचा शिकायला लीड्सला आला आणि नाताळच्या आतच त्याने जाहीर केलं की मे अखेरीस परीक्षा संपली की तो कोस्ट टू कोस्ट चालणार. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सेंट बीजपासून पूर्वेच्या रॉबिन हुड्स बेपर्यंतची ही वाट आल्फ्रेड वेनराइटने आखली. तिचं पुस्तक 1973 साली आलं आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात लोक तिच्यावर चालत असतात. साधारण 300 किलोमीटर अंतर, वाटेत लेक डिस्ट्रिक्ट, यॉर्कशायर डेल्स आणि नॉर्थ यॉर्क मूर्स ही तीन राष्ट्रीय उद्यानं. पाठीवर सगळं घेऊन एकट्याने चालायचं, म्हणजे सामान हलकं हवंच.

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला तंबूचा विचार फारसा करावा लागत नाही. हरिश्चंद्रगडावर गुहा आहेत, नाणेघाटात लेणं आहे, बाकी गडांवर एखादं देऊळ किंवा खालच्या गावातली शाळा असते. सातआठ जण असले की एकाच्या सॅकमध्ये पातेलं, दुसऱ्याच्या तांदूळ-डाळ, तिसऱ्याच्या कांदे-बटाटे. ओझं वाटून घ्यायची सवय आमच्या दोघांच्याही अंगात मुरलेली. इथे एकटं चालायचं तर सगळं एकाच पाठीवर येतं आणि पाऊस कुठल्याही महिन्यात येतो.

भाच्याकडे पुण्याहून आणलेली सॅक होती, बूट होते आणि कॅफेतल्या कामातून साठवलेले 150 पौंड. दुकानात एक किलोच्या आतला एका माणसाचा चांगला तंबू पाहिला, तो 400 पौंडांच्या पुढे. "मावशी, सेकंडहँड बघू या ना. लोक वापरून विकतात, निम्म्यात मिळेल," तो म्हणाला. मलाही ते पटलं. इथे चालायला लागले तेव्हा, वीसेक वर्षांपूर्वी, माझं बरंचसं सामान असंच लोकांनी वापरून विकलेलं होतं आणि त्याच्या किमती खरोखरच निम्म्या असत.

तो हिवाळा आम्ही लिलावाच्या साइट बघण्यात घालवला. बोली लावायची नाही, नुसतं बघायचं आणि वहीत लिहायचं, असं ठरवलं होतं. माल कोणता, नवा असताना किंमत किती, वय किती, शेवटी कितीला गेला. काही आठवड्यांत वहीची पानं भरली आणि चित्र स्पष्ट झालं. जड, दणकट माल मातीमोल जात होता. चार माणसांचे मोठे तंबू वीस-पंचवीस पौंडांना सुटत होते. पण वर्णनात 'अल्ट्रालाइट' हा शब्द आला की आकडे वेडेवाकडे चढायचे. तीनचार वर्षं वापरलेला, खुंट्यांची पिशवी हरवलेला, जमिनीच्या कापडाला ठिगळ असलेला तंबू नव्याच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांना जायचा, वर टपालखर्च वेगळा. एक मॉडेल कंपनीने बनवायचं थांबवलं होतं. ते तर मूळ किमतीहून पंधरा पौंड जास्त घेऊन गेलं. वापरलेलं. आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो.

हे असं का होतं, ते लिलावाच्या रचनेतच आहे. या साइटवर तुम्ही तुमची कमाल रक्कम गुपचूप नोंदवता आणि यंत्रणा तुमच्या वतीने, दुसऱ्याच्या बोलीपेक्षा एक पायरी वर, तेवढंच चढत जाते. म्हणजे जिंकणारा किती द्यायला तयार आहे यापेक्षा हरलेल्यांतला सगळ्यात हट्टी माणूस कुठवर आला, यावर भाव ठरतो. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर भाव ठरवण्याचा विचार विल्यम विकरी यांनी 1961 साली मांडला. त्यांना 1996 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या मांडणीत शहाणा माणूस वस्तूची आपल्यापुरती खरी किंमत एकदाच लिहून मोकळा होतो. रविवारी रात्री नऊ वाजता, घड्याळ शेवटची दोन मिनिटं मोजत असताना, हे शहाणपण कुणाकडे उरत नाही. 'तुमच्यापेक्षा जास्त बोली लागली' असा निरोप येतो आणि मघाशी 180 ला महाग वाटणारी वस्तू 200 ला आपलीच वाटायला लागते. लिलाव ठरावीक क्षणी संपतो म्हणून जाणकार मंडळी शेवटच्या काही सेकंदांतच बोली टाकतात. अल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स यांनी 2002 साली यावर निबंध लिहिला. शेवटच्या मिनिटात बोली आली की मुदत वाढते, अशा लिलावात ही झुंबड बरीच कमी असते, असं त्यांना दिसलं.

आणि गिऱ्हाईक कशालाही मिळतं. पिअर ओमिद्यार यांनी 1995 साली, पुढे जिचं ईबे झालं, ती साइट सुरू केली तेव्हा पहिली विकली गेलेली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर. तो 14.83 डॉलरला गेला. घेणाऱ्याला बिघडलेलेच पॉइंटर जमवायचे होते. त्या माणसाशी माझं काही भांडण नाही, त्याला हवं ते मिळालं. पण तंबूचं तसं नाही. तंबू पावसात एका माणसाला कोरडं ठेवतो. ज्याच्या घरी आधीच तीन तंबू आहेत त्याने चौथा, 200 ग्रॅमने हलका म्हणून, हट्टाने चढवत न्यायचा आणि ज्याच्याकडे एकही नाही त्या पोराने वही मिटायची, याचा मला मनापासून राग येतो.

एकदा लिलाव संपायच्या आधी माल प्रत्यक्ष बघायची संधी मिळाली. विकणारे गृहस्थ हॅरोगेटच्या बाजूला राहत होते आणि 'येऊन बघा' असं त्यांनीच लिहिलं होतं. वर्णनात 'फक्त दोनदा वापरलेला' असं होतं आणि ते खरंही असावं, कारण खुंट्यांना ओरखडासुद्धा नव्हता. आम्ही हिरवळीवर वरचं कापड पसरलं. आतल्या बाजूला हात लावला तर फणसाच्या चिकासारखं बोटांना लागलं, आणि एक आंबूस, ओकारीसारखा वास आला. हा पॉलियुरेथेनच्या लेपाचा वास. हवेतल्या ओलाव्याने हा लेप वर्षानुवर्षं आतून फुटत जातो, तंबू वापरा की माळ्यावर ठेवा. नीट न वाळवता घडी घातली असेल तर आणखी लवकर. शिवणींवरची टेप नखाने सहज निघून आली. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडाला हा रोग होत नाही. मात्र त्याला आतून टेप चिकटत नाही, म्हणून शिवणी हाताने भराव्या लागतात. त्या गृहस्थांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही दाखवल्यावर ते खरंच ओशाळले. लिलाव मात्र चालूच राहिला. तो तंबू दुसऱ्या दिवशी 160 पौंडांना गेला. कुणाकडे गेला असेल आणि पहिल्या पावसात त्याचं काय झालं असेल, हे अजून मनात येतं.

वजनाचीही तीच कथा. स्लीपिंग बॅगच्या एका वर्णनात 700 ग्रॅम लिहिलं होतं. भाच्याने विकणाऱ्याला विनंती केली की स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून फोटो पाठवा. फोटोत 905 आलं. लबाडी नव्हती. कंपनीच्या तक्त्यातला आकडा त्याने उतरवून टाकला होता. तंबूंचं तर विचारूच नका. 'किमान वजन' म्हणजे खुंट्या, दोर आणि पिशव्या सोडून. त्यांच्याशिवाय तंबू उभा करून दाखवावा कुणी. शिवाय पिसांच्या बॅगेत वजनापेक्षा फुगवटा बघायला हवा. जुनी, घामाने बसलेली पिसं तितकीच वजनदार आणि निम्मी उबदार असतात. फोटोतून ते कळत नाही. जमिनीवर पसरून, थोडा वेळ फुगू देऊन, बाजूला पट्टी उभी धरली तरच कळतं.

टायटॅनियमच्या भांड्यांवर तर लोक तुटून पडतात. टायटॅनियम पोलादापेक्षा बरंच हलकं, पण अॅल्युमिनियमहून जडच. भांड्याचा पत्रा अगदी पातळ ठेवता येतो म्हणून ते हलकं होतं. त्यातून उष्णता मात्र पसरत नाही. चहाचं पाणी उकळायला उत्तम. खिचडी टाकली की ज्योतीच्या वर काळा गोल चिकटतो आणि कडेचे तांदूळ कच्चे. आमच्या घरातलं अॅल्युमिनियमचं छोटं पातेलं झाकणासकट चाळीसेक ग्रॅमनेच जास्त भरलं.

भाच्याने तोवर हलकं चालण्यावर बरंच वाचलं होतं. अन्नपाणी आणि इंधन सोडून पाठीवर साडेचार किलोंच्या आत, हे तिथलं पवित्र माप. मी त्याला एमा गेटवुडबद्दल सांगितलं. 1955 साली, वयाच्या 67व्या वर्षी, ही बाई अमेरिकेतली सव्वातीन हजार किलोमीटरची अॅपलाचियन ट्रेल एकटी चालली. पाठीवर घरी शिवलेली पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. पुढे 1990च्या दशकात रे जार्डिन यांनी हलकं चालण्याची पद्धत पुस्तकातून मांडली. त्यांचाही भर स्वतःच्या हाताने शिवण्यावर होता. ज्यांच्यापासून हे सगळं सुरू झालं त्यांनी पैसे वाचवले, आणि आज त्याच नावाने ग्रॅमला पौंड मोजले जातात.

"मग शिवू या का, मावशी?" त्याने विचारलं. माझ्याकडे मशीन होतं.

सिलिकॉन लावलेलं नायलॉन सहा मीटर मागवलं. तीन-तीन मीटरचे दोन तुकडे मधोमध जोडले की एका माणसाला ऐसपैस ताडपत्री होते. हे कापड शिवायला महाकठीण. इतकं निसरडं की मशीनच्या दातांखालून सटकतं. टाचण्या लावायच्या नाहीत, कारण प्रत्येक भोकातून पाणी येणार. म्हणून कडा छोट्या चिमट्यांनी धरायच्या. सुई बारीक, दोरा पॉलिस्टरचा, कारण सुती दोरा कुजतो. मधली शिवण दोन्ही कडा एकमेकींत दुमडून, वरून दोन टिपा घालून. भाचा पुढून कापड ताणून धरायचा, मी मागून, आणि मशीन हळूहळू चालवायचं. कोपऱ्यांना आणि कडांना जाड फितीचे फासे लावले. मग सिलिकॉनचा सीलंट व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ करून जुन्या ब्रशने शिवणींवर भरला आणि ताडपत्री अंगणात दोरीवर रात्रभर ठेवली. वजन भरलं 470 ग्रॅम. खुंट्या, दोर आणि खाली अंथरायला खिडक्यांना हिवाळ्यात लावतात ती पातळ प्लास्टिकची फिल्म धरून पाऊण किलोच्या आत. खर्च सगळा मिळून 60 पौंडांच्या आसपास. उभी करायला माझ्या चालायच्या काठ्या होत्याच.

स्लीपिंग बॅग त्याने दुकानातून नवीच घेतली, गेल्या मोसमातली, सवलतीत, 55 पौंडांना. पिसांची नाही, कृत्रिम भरणाची. थोडी जड, पण ओली झाली तरी ऊब सोडत नाही, आणि ताडपत्रीखाली झोपणाऱ्याला तेच हवं. उरलेलं ओझं आम्ही पाण्यात कमी केलं. लेक डिस्ट्रिक्टमध्ये ठिकठिकाणी ओढा लागतो. तिथे दोन लिटर पाणी वाहून न्यायचं कारण नाही. अर्धा लिटर आणि एक फिल्टर पुरतो. तंबूतले दीडशे ग्रॅम वाचवायला शंभर पौंड मोजणारा माणूस दीड किलो पाणी मात्र बिनदिक्कत वाहतो, हे मी वाटेवर पुष्कळदा पाहिलं आहे.

तो मे अखेरीस निघाला. बहुतेक रात्री कॅम्पसाइटवर काढल्या. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी मालकाच्या परवानगीशिवाय उघड्यावर राहायची मुभा नाही. लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत शेवटच्या दगडी कुंपणाच्या वर, उशिरा येऊन पहाटे निघणाऱ्याला सहसा कुणी हटकत नाही, इतकंच. ग्रिझडेल टार्नला त्याने अशी एक रात्र काढली. वारा फिरला आणि पाऊस आडवा आला. त्याने उठून वाऱ्याची बाजू पार जमिनीला टेकवली, काठी एक वीत खाली केली आणि पुन्हा झोपला. बॅगेचं पायाकडचं टोक ओलं झालं, मधली शिवण गळली नाही. सकाळी फोनवर त्याने पहिल्यांदा हेच सांगितलं.

रिबलहेडहून आलेल्या एका विद्यार्थिनीने वाटेत ताडपत्री बघून माप विचारलं, म्हणून परत आल्यावर आम्ही मापं, कापडाचा प्रकार आणि शिवायची पद्धत दोन पानांवर लिहून काढली. ती पानं आता त्याच्या विद्यापीठाच्या हायकिंग क्लबात फिरतात आणि माझं मशीन शनिवारी क्वचितच रिकामं असतं. जुलैत तो मित्रांबरोबर स्कॉटलंडला जायचं म्हणतो. तिथे बहुतेक ठिकाणी मुक्कामाला कायद्याची आडकाठी नाही, पण त्या दिवसांत मिज नावाच्या बारीक माश्या थव्यांनी अंगावर येतात आणि ताडपत्री त्यांच्यापुढे काहीच कामाची नाही. आत टांगायला बारीक विणीची जाळी लागेल. नेहमीची मच्छरदाणी चालत नाही, तिची भोकं मोठी असतात. पाच मीटर जाळी मागवली आहे.