सीमेवरील एक गांव

वर्गांत एखादा विद्यार्थी असा प्रश्न विचारतो कीं, त्याचें उत्तर देण्यास शिक्षकाला कित्येक वर्षें लागतात. असें एक ऋण आमच्या माथीं राहिलें आहे. तें फेडण्याचा हा अल्प यत्न.

सिमला कराराचा धडा चालू होता. “१९७१ च्या युद्धांत लडाखच्या सीमेवरील चालुंका, तुर्तुक, त्याक्षी व थांग हीं गांवें भारताच्या ताब्यांत आलीं,” हें वाक्य आम्हीं मुलांस लिहून दिलें. मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहून म्हणाला, “सर, त्या गांवांतल्या माणसांचें काय झालें?” घड्याळाकडे पाहून आम्ही उत्तरलों, “परीक्षेंत तें विचारीत नाहींत. खालीं बैस.” तो बसला, पुढें वर्षभर त्यानें कांहीं विचारलें नाहीं.

गतवर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत आम्हांस तुर्तुक पाहण्याचा योग आला. लेहहून खारदुंग घाट ओलांडून, श्योक नदीच्या कांठानें, सुमारें २०० किलोमीटरांवर हें गांव लागतें. उघड्या बोडक्या पहाडांच्या कुशींत जर्दाळूंच्या बागा, कुट्टूचीं हिरवीं शेतें व दगडी घरें आहेत. लोक बाल्टी भाषा बोलणारे मुसलमान. २०१० सालापर्यंत बाहेरच्या प्रवाशास येथें येण्याची मोकळीक नव्हती.

ह्या गांवानें आपली जागा कधीं सोडली नाहीं. राज्येंच आलीं व गेलीं. १८४० सालीं जोरावरसिंगानें बाल्टिस्तान जिंकिलें, तेव्हांपासून तेथें जम्मूच्या डोगरा राजांचा अंमल होता. १९४७-४८ च्या लढाईंत गांव पाकिस्तानच्या हातीं गेलें आणि २७ जुलै १९४९ च्या कराची करारानें आंखलेल्या युद्धबंदी-रेषेच्या पलीकडे राहिलें. डिसेंबर १९७१ मध्यें मेजर चेवांग रिंचेन ह्यांच्या नेतृत्वाखालीं लडाखी सैनिकांनीं तें घेतलें. रिंचेन हे शेजारच्या नुब्रा खोऱ्यांतलेच; १९४८ च्या लढाईंत, अवघ्या सतराव्या वर्षीं, त्यांनीं महावीर चक्र मिळविलें होतें. तोच मान त्यांस ह्या वेळीं दुसऱ्यांदा लाभला.

२ जुलै १९७२ च्या सिमला करारान्वयें आंतरराष्ट्रीय सरहद्दीवर जिंकलेला मुलूख उभय राष्ट्रांनीं परत केला. परंतु जम्मू-काश्मीरचा वाद मिटलेला नव्हता. म्हणून तेथें १७ डिसेंबर १९७१ रोजीं युद्ध थांबतांना जी रेषा होती, तीच नियंत्रण-रेषा ठरली. तुर्तुक भारतांत राहिलें तें यामुळें.

इतकें पुस्तकांत सांपडतें. आमचे वृद्ध यजमान त्या डिसेंबरांत वीस वर्षांचे होते. त्यांचे वडील बंधु मजुरीसाठीं स्कर्दूस गेलेले. ते पलीकडेच राहिले. नदीच्या प्रवाहाबरोबर खालीं गेलें तर वाट फार लांबची नव्हे. परंतु भेटीस जावयाचें तर दिल्लीचा परवाना, मग वाघा सीमेवरून लाहोर, आणि तेथून पुन: उत्तरेचे पहाड, असा फेरा पडे. तो खर्च ह्या घरास कधीं झेपला नाहीं. आई दरसाल सुकविलेल्या जर्दाळूंतील थोरल्याचा वांटा वेगळा बांधून ठेवी, आणि नवीं फळें आलीं कीं तो शेजाऱ्यांच्या मुलांस वांटून टाकी. पुढें आई गेली. नंतर कित्येक वर्षांनीं भाऊ गेल्याची वार्ता फोनवरून आली.

हें सांगून झाल्यावर त्यांनीं सहज विचारलें, “मास्टरसाहेब, तुमच्या शाळेंत आमच्याविषयीं काय शिकवितां?”

आम्हांस तें एक वाक्य आठवलें. त्यांत असत्य कांहींच नव्हतें. तरी तें उच्चारण्याचें धैर्य आम्हांस होईना. “फारच थोडें,” एवढेंच आम्ही बोललों. ते रागावले नाहींत. त्यांनीं जर्दाळूंची ताटली आमच्यापुढें सरकविली.

यंदा तोच धडा आला, तेव्हां वाक्य लिहून देण्यापूर्वीं आम्हीं त्या माउलीची हकीकत सांगितली. तासांत धडा पुरा झाला नाहीं.

तो विद्यार्थी आतां शाळा सोडून गेला आहे. हा अंक त्याच्या हातीं पडल्यास त्यानें आम्हांस क्षमा करावी. आणि विद्यार्थिमित्रहो, इतिहासांत जेथें ‘गांवें’ हा शब्द येईल, तेथें क्षणभर थांबून आंतलीं माणसें आठवीत जा. शिक्षकानें खालीं बसविलें, तरी प्रश्न सोडूं नका.