तिसरा गिअर

मामांची चेतक तिसऱ्या गिअरमध्ये राहीना. चिखलीहून निगडीकडे येताना चढ लागला, की गिअर आपोआप सुटायचा, इंजिन रिकामंच ओरडायचं आणि मागच्या ट्रकचा हॉर्न कानाशी यायचा. मामा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. २०२२च्या दिवाळीत त्यांनी स्कूटर माझ्या दारात आणून उभी केली आणि म्हणाले, “तू मोजमापातला माणूस. बघ हिचं काय ते.”

चाकणच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला आहे. व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि गेज यांच्यात माझी तीस वर्षं गेली. पण स्कूटर मी कधी उघडली नव्हती.

ती शेजारच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी उघडली. चेतकच्या गिअरबॉक्समध्ये चारही गिअर शाफ्टवर सुटे फिरत असतात. त्यांच्या पोटातून अधिक चिन्हासारखा एक छोटा पोलादी तुकडा मागेपुढे सरकतो. ज्या गिअरच्या खाचांत त्याचे चार हात बसतील, तो गिअर शाफ्टला पकडतो. मिस्त्री त्याला ‘क्रॉस’ म्हणतात. मामांच्या क्रॉसच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. अशी कड खाचेत टिकत नाही, भार आला की निसटते. बेअरिंग आणि ऑइल सील सहज मिळाली. ती नंबरावर आणि मापावर विकली जातात, गाडीचं नावही सांगावं लागत नाही. क्रॉसचं मात्र तसं नव्हतं.

नाना पेठेतल्या काउंटरवर पहिलाच प्रश्न आला, “कुठल्या सालची?”

चेतक १९७२ साली आली आणि २००५-०६ पर्यंत निघत राहिली. लांबून पाहिलं तर तेहतीस-चौतीस वर्षं तोच चेहरा, पण आतले भाग बदलत गेले. मामांनी साल छातीठोक सांगितलं होतं. “चौऱ्याहत्तर. रायगडावर राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली ना, तेच साल.” आरसी बुक घर पाडून बांधताना कुठेतरी हरवलं होतं. मी चौऱ्याहत्तर सांगितलं, दुकानदारांनी मागच्या फळीवरून एक क्रॉस काढून दिला. तो बसला नाही. रविवारी जुन्या बाजारातून आणखी दोन आणले. डोळ्यांना तिन्ही सारखे दिसत होते, व्हर्निअर लावल्यावर तिन्ही वेगळे निघाले. तेव्हा ध्यानात आलं, की आधी साल सापडल्याशिवाय पार्ट सापडणार नाही.

मिस्त्रींनी मॅग्नेटोकडे बोट दाखवलं. पॉइंट नव्हते, इलेक्ट्रॉनिक इग्निशन होतं. “गाडी नव्वदच्या पुढची आहे, साहेब.” पण नंबर प्लेट तीन अक्षरांच्या जुन्या मालिकेतली. आजची एमएच-१२, एमएच-१४ ही पद्धत १९८९च्या नियमांनंतर रुजली, म्हणजे स्कूटर त्याआधीची. मॅग्नेटो कुणीतरी मागाहून बदलला होता. सुट्या भागांवरून गाडीचं वय ठरवण्यात हाच मोठा धोका आहे. चाळीस वर्षं रस्त्यावर राहिलेल्या गाडीत जो भाग झिजला तो नवा आला, आणि नवा भाग स्वतःचंच साल सांगतो.

राहिला चॅसिस नंबर. इंजिनाकडचं झाकण काढून, तारेच्या ब्रशने ग्रीस खरवडून, कागद ठेवून मी त्यावर पेन्सिल घासली. आकडे एकेक करून वर आले. या नंबरात साल लिहिलेलं नसतं, पण नंबर क्रमाने पडत गेलेले असतात. मग मी एक वही केली. भोसरीतले दुकानदार, आमच्या कंपनीच्या पार्किंगमधले जुने सहकारी, आळंदीकडून येणारे एक दूधवाले काका, ज्यांच्याकडे जुनी चेतक आणि मूळ आरसी आहे त्या प्रत्येकाकडून चॅसिस नंबर आणि पहिल्या नोंदणीची तारीख घ्यायची. दोन महिन्यांत सत्तावीस नोंदी झाल्या.

नोंदणीची तारीख म्हणजे गाडी बनल्याची तारीख नव्हे, हा आक्षेप मी स्वतःवरच घेतला होता. आजच्या गाडीच्या बाबतीत तो खराही आहे, ती डीलरकडे महिनोन्‌महिने उभी राहू शकते. पण सत्तर-ऐंशीच्या दशकांत चेतकसाठी लोक आठ-आठ, दहा-दहा वर्षं नंबर लावून बसत. बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्याच्या फाटकातून निघालेल्या स्कूटरची वाट पाहणारा आधीच ठरलेला असे, ती शोरूममध्ये थांबणार कशाला? त्या टंचाईमुळेच त्या काळातली नोंदणी गाडीच्या जन्माला अगदी चिकटून असते. माझ्या वहीतही तसंच दिसलं. ऐंशीच्या आसपासच्या नोंदी चॅसिस नंबरच्या क्रमाने सरळ रांगेत उभ्या राहिल्या, पंचाण्णवनंतरच्या पुढेमागे सांडल्या.

मामांचा नंबर पडला १९८०ची अखेर आणि १९८२ची सुरुवात यांच्या मध्ये.

मामांना ते मान्य नव्हतं. “म्हणजे मी खोटं बोलतोय का?” एवढं म्हणून ते उठून गेले. आठवडाभर त्यांनी फोन घेतला नाही. मला फार लागलं ते. डुप्लिकेट आरसीसाठी अर्ज केला तेव्हा आरटीओतल्या जुन्या वहीत नोंद सापडली, वर्ष १९८१. ती कशी सांगावी या विचारात मी चिखलीला गेलो, तर मामींनी ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक कागद काढून समोर ठेवला. स्कूटरच्या बुकिंगची पावती होती ती. साल १९७४.

मामा खाटेवर बसून पावतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “सात वर्षं रोज शिफ्ट सुटली की मी सायकलवरून आकुर्डीवरूनच यायचो. आत कंपाउंडमध्ये स्कूटरींच्या रांगा दिसायच्या. मनात म्हणायचो, यातली एक माझी.” त्यांच्या हिशेबी स्कूटर पावती फाडली त्या दिवशीच घरात आली होती.

साल कळल्यावर शोध सोपा होईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही, पण तो नेमका मात्र झाला. प्रिया ही स्कूटर साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बने, तिचे भाग चालतील का म्हणून तिकडचे काही जुने दुकानदार पालथे घातले. कानपूरच्या एलएमएल व्हेस्पाचा क्रॉस जवळचा निघाला. बजाज आणि एलएमएल या दोघांचीही मुळं इटलीच्या पियाजिओत, बजाजचा करार १९७१ला संपला, एलएमएलचा नंतरचा. पण जवळचा म्हणजे तोच नव्हे. कुदळवाडीच्या भंगार गोदामांत त्याच काळातलं एक इंजिन मिळालं. त्यातला क्रॉस मामांच्या क्रॉसइतकाच झिजलेला, पण त्याचा मधला भाग, जिथे झीज पोचत नाही, तो शाबूत होता. मूळ माप मला तिथे मिळालं. त्या गोदामांची पत्र्याची शेड २०२५च्या फेब्रुवारीत पाडली गेली. तिथून जाताना त्या मोकळ्या जमिनीकडे बघून अजून पोटात तुटतं. जुन्या यंत्रांच्या मापांचा तेवढा मोठा साठा या पट्ट्यात दुसरा नव्हता.

मधल्या काळात एक नवा, कुणीतरी नकलून केलेला क्रॉस बसवून पाहिला. दीड महिन्यात गिअर पुन्हा सुटू लागला. काढून कानस लावली तर लोण्यासारखी चालली. माप बरोबर होतं, पोलाद कच्चं होतं. या तुकड्याला बाहेरून काचेसारखी कठीण कातडी लागते आणि आतून चिवट गाभा. नुसता कठीण केला तर हात तुटेल, नुसता चिवट ठेवला तर कड झिजेल.

भोसरीत हीट ट्रीटमेंटचं काम करणारे एक गृहस्थ आहेत, सत्तरीच्या घरातले. मी ड्रॉइंग पुढे केलं तर त्यांनी ते न बघता जुना क्रॉस हातात घेतला, अंगठ्याने कड चाचपली आणि म्हणाले, “हे आम्ही ट्रे भरभरून केलेत. एका व्हेंडरकडे होतो मी तेव्हा.” चाकण-भोसरीत तीस वर्षं नोकरी करून मला हे सुचलं नव्हतं. मी पार्ट शोधत फिरत होतो, तो करणारा माणूस माझ्या कामाच्या रस्त्यावरच बसलेला होता. कोणतं पोलाद, किती वेळ, तेलात कसं विझवायचं, त्यांना सगळं तोंडपाठ होतं.

२० एमएनसीआर ५ या पोलादाची कांडी आणली. चिंचवडच्या एका टर्नरांनी आणि मिलिंगवाल्यांनी तुकडे काढले. एकासाठी मशीन कुणी लावत नाही, म्हणून पाच केले. मग भोसरीच्या भट्टीत नऊशेच्या वर तापमानाला कार्बनच्या वातावरणात ठेवून त्यांच्या पृष्ठभागात कार्बन मुरवला, आणि तेलात विझवले. शेवटी कडांना हलकं ग्राइंडिंग, तेही जपून, जास्त घासलं तर कमावलेली कातडीच निघून जाते. कठीणपणा मोजला तेव्हा रॉकवेलवर पाचही तुकडे साठच्या आसपास आले. तो आकडा पाहताना मला जे वाटलं, ते नोकरीतल्या हजारो लॉटना ओके करताना क्वचितच वाटलं असेल.

एक मामांना लागला. उरलेले चार वहीतल्या नंबरांवरून त्याच काळातल्या चेतक ओळखून दिले. आळंदीचे दूधवाले काका पैसे द्यायला लागले, मी घेतले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी तुपाचा डबा आला.

स्कूटर जोडून झाली त्या सकाळी लिटरमागे वीस मिली ऑइल मिसळून पेट्रोल भरलं. मामांनी नेहमीप्रमाणे तिला डावीकडे जरा कलती केली, सरळ केली आणि किक मारली. दुसऱ्या किकला चालू झाली. त्यांनी चालवायची नाही असं मामींनी बजावलं होतं, म्हणून ते मागे बसले. आकुर्डीला बजाजच्या फाटकाजवळ त्यांनी खांद्यावर थाप मारली, जरा हळू घे म्हणून. स्कूटरींचं ते जुनं उत्पादन तिथे कधीच थांबलंय. २०२२ पासून त्याच आवारात विजेवरची चेतक बनते. मामा तिकडे बघत होते, मी पुढे.

तिथून दुर्गा टेकडीच्या चढाला लागलो. दुसरा, मग तिसरा. मूठ मी घट्ट धरलेली, सुटेल म्हणून. आम्हा दोघांचं वजन, चढ, आणि इंजिनाचा आवाज एकाच सुरात वर जात राहिला. माथ्यावर पोचेपर्यंत मामा काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, “राहिला की रे तिसरा.”