गाडीचा रंग जपताना हातही जपा

आरोग्याच्या ब्लॉगवर आज विषय आहे गाडी धुण्याचा. आपण चुकून दुसरीकडे आलो की काय, असं वाटलं असेल तर जरा थांबा. लेख संपेपर्यंत हा विषय इथे का घेतला, ते लक्षात येईल.

आमचं कामशेत जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर आहे. एका अंगाला नाणे मावळ, दुसऱ्या अंगाला पवन मावळ. पावसाळा लागला की लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. शनिवार-रविवारी त्यात एखाद-दुसरी अशी असते की रस्त्यावरची पोरं हातातलं काम टाकून बघत राहतात. बुटकी, रुंद, दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार. जमिनीपासून वीतभर उंच असलेली ही गाडी घाटातून आणि धरणाच्या रस्त्याने फिरून आली, की चाकांनी उडवलेला चिखल पार दारांपर्यंत चढलेला असतो. मग ती धुवायला थांबते, कधी बंगल्याच्या अंगणात, कधी वॉशिंग सेंटरवर. मालक शेजारी उभा राहून सांगत असतो, "जपून रे, ओरखडा नको." आणि ती गाडी धुणारे हात पुढच्या आठवड्यात माझ्या ओपीडीत येतात.

त्यामुळे गाडीचा रंग आणि माणसाची कातडी या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कायमच्या शेजारी बसल्या आहेत. दोन्ही समजून घेण्याची रीतही बरीच सारखी आहे.

रंगाचे थर, कातडीचे थर

गाडीचा रंग म्हणजे एकच लेप नसतो. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर दिसणारा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लेप, म्हणजे क्लिअर कोट. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यातला क्लिअर कोट असतो ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही बारीक. गाडीची सगळी चमक या एका पापुद्र्यावर असते.

आता स्वतःच्या हाताची मागची बाजू बघा. आपल्या कातडीचा बाह्यस्तर शरीराच्या बहुतेक भागांवर साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाच असतो, म्हणजे गाडीच्या रंगाइतकाच. त्याचाही सगळ्यात वरचा, मृत पेशींचा थर १०-२० मायक्रॉनचा. तळहातावर तो कितीतरी जाड असतो. हाताच्या पाठीवर आणि बोटांच्या बेचक्यांत मात्र पातळ. या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी लिंपलेल्या असतात. पाणी आत धरून ठेवणं आणि बाहेरचं काही आत न येऊ देणं, हे काम ही भिंत करते.

दोन्हींत एक मोठा फरक आहे. कातडी साधारण चार आठवड्यांत नवी होते. क्लिअर कोट जेवढा घासला गेला तेवढा गेला. ओरखडे काढायला रबिंग-पॉलिश करतात, तेव्हा ओरखडा भरला जात नाही. त्याच्या भोवतालचा लेप घासून खाली आणला जातो. असं किती वेळा करणार?

ओरखडे येतात कुठून?

उन्हात गाडीकडे तिरकं बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात. बहुतेकांना वाटतं की कुणीतरी मुद्दाम ओरखडलं. खरं कारण धुण्या-पुसण्यातच असतं. आपल्याकडची धूळ म्हणजे रस्त्यावर दळला गेलेला दगड. त्याचे कण क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकली, किंवा एकाच बादलीत बुडवून तेच फडकं पूर्ण गाडीवर फिरवलं, की ते कण फडक्याखाली अडकतात आणि फडक्याचा पॉलिश पेपर होतो. हौसेने रोज पुसली जाणारी गाडी म्हणूनच कधीकधी लवकर निस्तेज होते.

धुवायचं कसं?

वैद्यकीय शिक्षणात पहिल्या वर्षांत ड्रेसिंग करायला शिकवतात. जखम पुसलेला बोळा परत जखमेवर जात नाही. चिकटलेली पट्टी ओढून काढायची नाही, आधी भिजवायची. स्वच्छ बाजूकडून घाण बाजूकडे जायचं. गाडी धुण्याचे नियम याहून फार वेगळे नाहीत.

१. गाडी सावलीत घ्या आणि गार होऊ द्या. तापलेल्या बॉनेटवर पाणी लगेच सुकतं आणि त्यातल्या क्षारांचे पांढरे डाग बसतात. बोअरचं पाणी जड असेल तर जास्तच.

२. चाकं आधी धुवा. त्यांना बादली वेगळी, फडकंही वेगळं. ब्रेकमधून पडणारा काळा भुगा म्हणजे बराचसा लोखंडाचा चुरा असतो. तो रंगावर घासला जाऊ नये.

३. मग पूर्ण गाडीवर वरून खाली नुसतं पाणी सोडा. चिखल पाण्याने जितका निघून जाईल तितकं हाताचं घासणं कमी. वाळलेला चिखल भिजायला पाच मिनिटं द्या.

४. दोन बादल्या घ्या. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोज्यासारखं मऊ मायक्रोफायबर शाम्पूत बुडवायचं, गाडीचा एक भाग धुवायचा, मग ते साध्या पाण्यात खळबळून पिळायचं आणि त्यानंतरच परत शाम्पूत घालायचं. बादलीच्या तळाला जाळी ठेवली तर खाली बसलेली रेती वर येत नाही.

५. आधी छप्पर आणि काचा, मग बॉनेट, मग दारं. चाकांलगतचा खालचा भाग सगळ्यात शेवटी. हात सरळ रेषेत फिरवा, गोल नको. दाब देऊ नका, फेसालाच काम करू द्या.

६. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद.

७. फेस सुकायच्या आत धुऊन टाका. शेवटी मोठा मऊ टॉवेल पसरून पाणी टिपून घ्या. रगडू नका.

पक्ष्याची विष्ठा नखाने खरवडू नका. ओलं फडकं दहा मिनिटं वर ठेवा आणि मग अलगद उचला. ती फार दिवस राहू देऊ नका, उन्हात तिचा डाग क्लिअर कोटमध्ये उतरतो. भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर टाळा. ती रंगावरचं मेणाचं संरक्षण धुऊन नेते.

आता हातांकडे या

मागच्या पावसाळ्यात एक विशीतला मुलगा आईबरोबर आला. वॉशिंग सेंटरवर कामाला. दोन्ही हातांच्या पाठी लाल, सालपटं निघालेली, बोटांच्या सांध्यांवर भेगा. दोन नखांच्या कडा सुजलेल्या, म्हणजे नखुरडं. पायाच्या बेचक्यांत चिखल्या. आई म्हणाली, "डॉक्टर, आवणी तोंडावर आलीय आणि ह्याला मूठ आवळता येईना." भात लावायचा तर हात पुन्हा चिखलपाण्यात जाणार. काम सोडावं तर मोटरसायकलचा हप्ता थांबणार.

तो दिवसाला पंधरा-वीस गाड्या धुवायचा. पाण्यात कपड्यांची पावडर आणि डाग घट्ट असले की मूठभर कॉस्टिक. डांबराचे ठिपके काढायला डिझेलचा बोळा. हे सगळं उघड्या हातांनी.

यात काय होतं, बघा. कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ५. कपड्यांच्या पावडरीचं पाणी १०च्या आसपास. ते विटांमधला स्निग्ध लेप विरघळवतं, आणि डिझेल उरलासुरला काढतं. तासन्‌तास पाण्यात राहून पेशी फुगतात, सुकल्यावर आक्रसतात आणि भिंतीला तडे जातात. त्या तड्यांतून पुढचा साबण आणखी आत शिरतो. याला इंग्रजीत काँटॅक्ट डर्माटायटिस म्हणतात, म्हणजे संपर्कातून झालेला त्वचादाह. तो संसर्गजन्य नाही. जर्मनीच्या कामगार-सुरक्षा नियमांत रोज सुमारे दोन तासांहून जास्त वेळ हात ओले राहणाऱ्या कामाला धोक्याचं काम धरलं आहे. हा मुलगा आठ तास ओला असायचा.

मेडिकलमधून आणलेली ट्यूब तो महिनाभर लावत होता. अशा अनेक ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. चार दिवस बरं वाटतं. पण महिनोन्‌महिने लावल्यास कातडी पातळ होते आणि बुरशी छुपेपणाने पसरते. कृपा करून अशी ट्यूब स्वतःहून लावू नका.

मी त्याला थोड्या दिवसांचं औषध दिलं, पण काम तसंच राहिलं तर ते टिकणार नव्हतं. म्हणून सेंटरच्या मालकांशी बोललो. हातांचं ऐकून ते म्हणाले, "डॉक्टर, कष्टाचं काम आहे, हात होणारच तसे." मग मी त्यांना सांगितलं, की त्या पावडरीने गिऱ्हाइकाच्या गाडीचं मेण जातं आणि भारी गाड्यांवर ते आधी दिसतं. हे त्यांना लगेच पटलं. आठवड्याभरात शाम्पूचा कॅन आला. रंगासाठी का होईना, कॉस्टिक बंद झालं. हातमोजे मात्र मुलाने स्वतः घेतले. दीड महिन्याने तो आला तेव्हा भेगा मिटल्या होत्या. बेचक्यांत थोडी लाली होती आणि ती काही महिने राहील, हे मी त्याला सांगितलं. वरून बरी दिसणारी कातडी आतून लगेच पूर्वीइतकी चिवट होत नाही.

दोन धोके, जे साधे वाटतात

पहिला, चाकं चकचकीत करणारं आम्ल. काही व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. पातळ असेल तर लागल्या लागल्या काहीच जाणवत नाही. काही तासांनी बोटात असह्य ठणका सुरू होतो. फ्लोराइड आत झिरपून शरीरातलं कॅल्शियम ओढून घेतं. जास्त भाजलं असेल तर हृदयाची लयही बिघडू शकते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात २००१ ते २०१३ या काळात गाड्या आणि ट्रक धुणाऱ्या ४८ कामगारांना या आम्लाने इजा झाल्याची नोंद आहे. असं लागलं तर भरपूर वाहत्या पाण्याखाली हात धरा आणि डबा बरोबर घेऊन लगेच रुग्णालयात जा. तिथे कॅल्शियम ग्लुकोनेट देतात. त्याहून बरं म्हणजे ही बाटली आणूच नका. चाकं शाम्पू आणि ब्रशनेही निघतात.

दुसरा धोका प्रेशर वॉशरचा. त्याच्या नोझलमधून १०० बारच्या वर दाबाने पाणी येतं. जवळून बोटाला लागलं तर वर टाचणीएवढं छिद्र दिसतं आणि आत पाणी व साबण खोलवर शिरलेला असतो. "काही नाही, टोचलं फक्त," म्हणून घरी बसू नका. ही तातडीने शल्यचिकित्सकाला दाखवण्याची इजा आहे.

धुणाऱ्याने काय करावं?

नायट्राइलचे लांब हातमोजे वापरा आणि आत सुती पातळ मोजे घाला, नाहीतर घामानेच कातडी भिजते. मोज्यात पाणी शिरलं तर लगेच बदला. अंगठी काढून ठेवा, तिच्याखाली साबण साठतो. पायात गमबूट घाला आणि संध्याकाळी बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. काम संपल्यावर हात साध्या पाण्याने धुऊन, टिपून, ओलसर असतानाच व्हॅसलीन लावा. झोपताना परत एकदा. गाडी बुटकी असेल तर कंबरेतून वाकू नका, लहान स्टुलावर बसा. भेगांतून रक्त किंवा पू येत असेल, नखाची कड ठणकत असेल किंवा दोन आठवड्यांत फरक नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

मालकाने काय करावं?

डिकीत शाम्पूची एक बाटली, दोन मायक्रोफायबर आणि हातमोज्यांची एक जोडी ठेवा. गाडी धुवायला द्याल तेव्हा "हेच वापर" म्हणून हातात द्या. बंगल्यावरचे काका धूत असतील तर त्यांनाही द्या. वीस मिनिटांत गाडी धुऊन मागू नका. घाईत फडकं जोरात फिरतं आणि मोजे घालायचे राहून जातात. गाडी परत घेताना आपण वाकून दारावरचे ओरखडे बघतोच. तेव्हा किल्ली देणाऱ्याच्या हातांकडेही एकदा बघा आणि भेगा दिसल्या तर त्याला आमच्यासारख्या कुणाकडे पाठवा.